बाळंतपणाला जाण्यापूर्वी ‘साफसफाई’ किती करावी?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण त्यात वरवर एक आणि आतून दुसराच प्रश्न आहे. तुम्हाला नववा महिना लागून आठवडा झाला आहे. पहिलेच बाळंतपण असल्याने रीतीप्रमाणे तुम्ही कराडहून तासगाव तालुक्यातील माहेरी आला आहात. प्रसूती सांगलीत व्हायची आहे आणि तिथले डॉक्टर पुरुष आहेत. ‘खालचे सगळे साफ करून जा, नाहीतर सिस्टर बोलतात,’ असे आई म्हणतात. पुण्याच्या नणंदबाई पार्लरमध्ये जाऊन वॅक्स करून घ्यायला सांगतात. आणि पोटाआड स्वतःला काहीच दिसत नसल्यामुळे तुम्ही रेझर हातात घेऊन दोनदा तसाच परत ठेवला आहे. भावाच्या लग्नात हातभर मेहंदी काढली तर चालेल का, हेही तुम्ही विचारले आहे. मात्र सर्वांत शेवटी, जणू सहज म्हणून, मांड्या काळ्या पडल्या आहेत, पोटावर चरे उमटले आहेत आणि ‘अशा अंगाने परक्या माणसासमोर कशी झोपू’ असे जे लिहिले आहे, तो माझ्या मते तुमचा खरा प्रश्न आहे.

मी सांगली जिल्ह्यात प्रसूती कक्षात परिचारिका म्हणून २८ वर्षे काम केले आहे. त्यांतील शेवटची काही वर्षे इन्चार्ज होते. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या प्रकृतीबाबतचा शेवटचा शब्द तुमच्या डॉक्टरांचाच राहील. पण टेबलाच्या ज्या बाजूला तुम्ही पाहणाऱ्यांची भीती बाळगता, त्या बाजूला मी आयुष्यातला बराच काळ उभी होते, म्हणून लिहिते आहे.

केसांचे उत्तर सोपे आहे, ते आधी देते. नैसर्गिक प्रसूतीसाठी जननेंद्रियाभोवतीचे केस काढण्याची वैद्यकीय गरज नसते. सिझेरियन करावे लागले तरी ते घरून काढून येण्याची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतीकाळातील काळजीविषयी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत नैसर्गिक प्रसूतीपूर्वी सरसकट केस काढू नयेत आणि सरसकट एनिमाही (पोट साफ होण्यासाठी गुदद्वारातून सोडायचे औषधी पाणी) देऊ नये, असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा तुम्ही रेझर दोनदा परत ठेवलात ते योग्यच केले.

मग आई असे का म्हणतात? त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण त्यांच्या वेळी तसेच होते आणि तसे करणाऱ्यांत मीही होते. मी नोकरीला लागले तेव्हा कळा घेऊन आलेल्या प्रत्येक बाईची ‘तयारी’ होत असे. आधी साबणाचा फेस आणि रेझर, मग एनिमा, मग गाऊन. हे पार पडल्याशिवाय बाई लेबर टेबलवर जात नसे. कळ आली की बाई हलणार, ती हलली की पाते लागणार, आणि त्यावर पुसलेले औषध झोंबून ती कळवळणार, हे रोजचे होते. मी शेकडो बायकांची तयारी केली असेल आणि त्या वेळी, जंतुसंसर्ग टाळण्याचे मोठे काम आपण करतो आहोत, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. एखादी बाई घरूनच करून आली की आमचे काम वाचे आणि आम्ही तिला ‘शहाणी आहे’ म्हणत असू. आईंच्या कानावर पडलेले ‘सिस्टर बोलतात’ ते बहुधा याचेच उरलेले रूप असावे.

या समजुतीचा पाया किती कच्चा होता हे मला पुष्कळ उशिरा, परिचर्या शिकणाऱ्या मुलींना शिकवण्याची जबाबदारी आली तेव्हा वाचताना कळले. केस काढल्याने बाळंतिणीचा ताप खरोखर टळतो का, याची पहिली पद्धतशीर चाचणी अमेरिकेत १९२२ सालीच झाली होती. ती धरून २००५ पर्यंत झालेल्या अशा तीन चाचण्यांतील मिळून १,०३९ स्त्रियांची माहिती तज्ज्ञांनी एकत्र तपासली, तेव्हा केस काढल्यामुळे संसर्ग कमी होतो असे काही दिसले नाही. लालसरपणा, ओरखडे, जळजळ आणि खाज हे त्रास मात्र दिसले. बाळंतज्वराचे मूळ कुठे होते, हे तर त्याच्याही कितीतरी आधी समजलेले होते. १८४७ साली व्हिएन्नाच्या रुग्णालयात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी तपासणाऱ्यांना क्लोरिनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने खाली आले. म्हणजे घाण आमच्या हातांना होती आणि रेझर आम्ही बायकांना लावत राहिलो. हे वाक्य मी वर्गात मुद्दाम म्हणत असे, आणि मुली हसत, पण विसरत नसत.

यामागचे कारण समजून घेतले तर निर्णय सोपा होतो. रेझर केसाबरोबर कातडीचा वरचा पापुद्राही खरवडतो. डोळ्यांना न दिसणारे जे ओरखडे पडतात, ती जंतूंना आत शिरायची वाट होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात त्या याच कारणाने. त्यातून तुमची प्रसूती त्याच सुमारास झाली तर पुढचे चार ते सहा आठवडे अंगावरून जात राहणार, म्हणजे दिवसरात्र पॅड लागणार, कदाचित टाकेही असणार, आणि नेमके तेव्हाच केसांचे खुंट वर येणार. टाक्यांपेक्षा हे खुंटच जास्त टोचतात, असे मला कितीतरी बाळंतिणींनी सांगितले आहे. टाके घालायला केसांची अडचण होईल असे वाटत असेल, तर तीही होत नाही. फार लांब केस मध्ये येत असतील तर सिस्टर तेवढेच कात्रीने कमी करतात.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेला भाग. सगळी रुग्णालये सारखी चालत नाहीत, आणि काही ठिकाणी अजूनही जुन्या सवयीने ‘करून या’ असे सांगतात. म्हणून पुढच्या तपासणीला जाल तेव्हा सिस्टरांना स्पष्ट विचारा: ‘आपल्याकडे केसांचे काय करतात? मी घरून काही न करता आले तर चालेल ना?’ हा प्रश्न विचारायला जितकी लाज आज वाटेल, त्याच्या दसपट हायसे विचारून झाल्यावर वाटेल. दुसरे असे की, तुम्हाला स्वतःला अनेक वर्षांपासून केस कमी ठेवायची सवय असेल आणि वाढलेल्या केसांनी घाम येऊन अस्वस्थ वाटत असेल, तर ती सवय मोडा असेही मी म्हणणार नाही. ‘गरज नाही’ याचा अर्थ ‘मनाई आहे’ असा होत नाही. अंग तुमचे आहे. फक्त साधन आणि वेळ नीट निवडा.

माझ्या मते सर्वांत बिनधोक साधन म्हणजे बोथट टोकाची लहान कात्री किंवा पुढे गार्ड असलेला विजेवरचा ट्रिमर. केस कातडीलगत न घेता अर्धा-पाऊण सेंटिमीटर राहू द्यायचे, म्हणजे खुंटही टोचत नाहीत. हे उभ्याने, ओल्या न्हाणीघरात, एक पाय बादलीवर ठेवून मुळीच करू नये. नवव्या महिन्यात शरीराचा तोल पुढे गेलेला असतो, आणि न्हाणीघरात घसरून पडल्याने आलेल्या गरोदर बाया मी पाहिल्या आहेत. कोरड्या जागी, पाठीला टेकू देऊन बसावे, हातात आरसा धरावा आणि जेवढे सहज पोहोचते तेवढेच करावे. घरातल्या कोणाची मदत घ्यायला तुम्हाला अवघड वाटत नसेल तर घ्यावी. पतींनी केलेली मदत मला सर्वांत स्वाभाविक वाटते, पण तुम्ही आता माहेरी आहात, तेव्हा तो मार्ग बहुधा बंद आहे. मग हात पोहोचत नाही तो भाग सरळ सोडून द्यावा. त्या अर्धवट कामाकडे पाहून कोणी परीक्षेचे गुण देणार नाही.

वॅक्सबद्दल नणंदबाईंचा हेतू चांगला आहे, तरी मी तुम्हाला आत्ता ते सुचवणार नाही. गरोदरपणात त्या भागाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, कातडी हुळहुळी होते, आणि काहींच्या तर तेथील शिरा फुगलेल्या असतात. अशा जागी गरम मेण लावून ओढले की वेदना नेहमीपेक्षा पुष्कळ जास्त होतात आणि रक्त साकळून काळेनिळे डागही पडू शकतात. ज्या बाईला वर्षानुवर्षे सवय आहे, अशा शिरा नाहीत आणि पार्लरची स्वच्छता खात्रीची आहे, तिची गोष्ट वेगळी. पण आयुष्यात पहिल्यांदा वॅक्स करून पाहण्याचा मुहूर्त नवव्या महिन्यात काढू नये. केस काढण्याचे क्रीम तर त्या नाजूक, ओलसर कातडीसाठी बनवलेलेच नसते. ते केस विरघळवणारे क्षारधर्मी रसायन असते आणि आतल्या बाजूला लागले तर चांगलेच भाजते. अशी एक मुलगी रात्री अकराला आमच्याकडे आली होती. कळा नव्हत्याच, आग होत होती म्हणून रडत आली होती.

ज्यांना मधुमेह आहे, ज्यांच्या प्लेटलेट कमी आहेत किंवा ज्यांना रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शने चालू आहेत, त्यांनी घरी रेझर आणि वॅक्स दोन्ही टाळावे. जांघेत गजकर्ण किंवा फोड असतील, तर ते केस काढून ‘साफ’ करण्याऐवजी जसे आहेत तसे डॉक्टरांना दाखवावेत. आपल्याकडच्या दमट पावसाळ्यात जांघेतले गजकर्ण अगदी घरोघरी असते आणि बाया लाजेपोटी औषधाच्या दुकानातून कोणतीतरी मिश्र मलमाची ट्यूब आणून लावत बसतात. तीत स्टेरॉइड असले तर खाज तेवढ्यापुरती दबते आणि गजकर्ण पसरत जाते. त्या भागाची स्वच्छता म्हणाल, तर साधे पाणी पुरते. शेवटच्या महिन्यांत पांढरे जाणे वाढते ते स्वाभाविक असते; त्यासाठी जंतुनाशक घातलेल्या पाण्याने धुणे, आतून साबण लावणे, सुगंधी वॉश किंवा पावडर यांपैकी काहीही नको. पांढऱ्याला दुर्गंधी असेल, रंग हिरवट-पिवळा असेल किंवा खाज असेल, तर तेवढे डॉक्टरांना सांगा.

सिझेरियन ठरले तर काय, हेही सांगून टाकते. छेद बहुतेक वेळा ओटीपोटाच्या खालच्या बाजूला, केसांच्या वरच्या कडेजवळ, आडवा घेतात. तेवढ्याच पट्ट्यातले केस अडचण करत असतील तर शस्त्रक्रियेच्या थोडेच आधी रुग्णालयातच क्लिपरने, म्हणजे कातडी न खरवडता केस कापणाऱ्या यंत्राने, कमी करतात. शस्त्रक्रियेपूर्वी केस काढण्यासाठी रेझर वापरू नये, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०१६ सालची शिफारस आहे. म्हणून तारीख ठरलेली असली तर आदल्या आठवड्यात घरी रेझर लावू नका. ताजे ओरखडे आणि पुटकुळ्या असलेल्या जागी छेद घ्यायला कोणत्याही डॉक्टरांना आवडत नाही.

येथपर्यंत केसांचे झाले. आता तुमच्या शेवटच्या दोन ओळींकडे येते, आणि त्यासाठी मला माझ्याच एका चुकीबद्दल सांगावे लागेल.

माझ्या नोकरीच्या पहिल्या पाच-सहा वर्षांतली गोष्ट आहे. ऊसतोडीचा हंगाम होता. फडातून थेट एक बाई आली. मराठवाड्याकडची, विशीच्या आतबाहेरची. हातांवर उसाच्या पात्यांचे चरे, अंगाला चिकटलेली धूळ, केसांत पाचटाचा कचरा. ट्रॅक्टरमधून उतरून चालत आत आली होती आणि कळा चांगल्याच जोराच्या होत्या. मी तिला तपासायला गेले आणि माझ्या तोंडून निघून गेले, ‘अगं, दवाखान्यात येताना जरा आंघोळ तरी करून यावं.’ तिने काही उत्तर दिले नाही. फक्त मांड्या मिटून घेतल्या आणि लुगडे खाली ओढले. त्यानंतर बराच वेळ तिने मला हात लावू दिला नाही. कळ आली की ओठ दाबून धरायची, आणि मी जवळ गेले की सगळे अंग लाकडासारखे ताठ. शेवटी आमच्या वॉर्डातल्या मावशींनी गरम पाण्याची बादली आणली, तिचे हातपाय पुसले, डोक्यावरचा कचरा एकेक करून काढला आणि तिच्याच बोलीत तिच्याशी बोलत बसल्या, तेव्हा कुठे ती सैल झाली. मुलगी सुखरूप झाली. पण त्या मधल्या वेळात बाळाचे ठोके मला नीट ऐकता आले नव्हते, आणि काही बिघडले असते तर त्याला कारण तिची धूळ नसती, माझे वाक्य असते.

हे सांगण्याचा उद्देश असा की, लाज ही टेबलावर झोपलेल्या बाईची एकटीची बाब नसते. ती कामात अडथळा आणते, आणि तो अडथळा दूर करण्याची जबाबदारी मुख्यतः आमची असते. कुणा सिस्टरांनी तुम्हाला तुमच्या अंगावरून किंवा केसांवरून बोलून दाखवले, तर चूक त्यांची आहे, हे आधीच मनाशी पक्के करून या. ‘सिस्टर, असं बोलू नका, मला आधीच अवघडल्यासारखं झालंय,’ इतके एक वाक्य पुरते. मला जर त्या वेळी कोणी असे म्हटले असते, तर मी नक्की वरमले असते. २०१७ पासून सरकारी रुग्णालयांच्या प्रसूती कक्षांसाठी ‘लक्ष्य’ नावाचा कार्यक्रम चालू आहे. त्यात आडोसा आणि सन्मानाची वागणूक हे गुणवत्तेचे निकष म्हणूनच धरलेले आहेत. म्हणजे तुम्ही काही वेगळी सवलत मागत नाही आहात.

आता आम्हाला तिथून काय दिसते ते सांगते. तपासताना आमचे लक्ष दोन बोटांच्या टोकांना काय लागते याकडे असते: पिशवीचे तोंड किती सेंटिमीटर उघडले, पाणमोट फुटली आहे का, बाळाचे डोके किती खाली आले, ते कोणत्या दिशेला वळले आहे. दहा सेंटिमीटर उघडेपर्यंत साधारण चार-चार तासांनी अशी तपासणी होते, आणि त्या मिनिटभरात मांडीचा रंग पाहायला खरोखर सवड नसते. काळोखी म्हणाल तर ती मी जवळजवळ प्रत्येकीची पाहिली आहे: काखेत, मानेवर, जांघेत, स्तनाग्रांभोवती, बेंबीखालून जाणारी ती काळी रेघ, गालावरचे वांग. हे सारे गरोदरपणातल्या संप्रेरकांमुळे होते. त्यातले बरेचसे बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत फिके होते. पोटावरचे चरे आधी जांभळट-लाल असतात आणि पुढे चंदेरी होतात, पण ते पूर्ण जात नाहीत, आणि जातील असे सांगून महागडे तेल विकणाऱ्यावर पैसे घालवू नका. साधे खोबरेल लावल्याने खाज कमी होते, तेवढे त्याचे काम. मांड्यांची काळोखी घासून काढायला लिंबू, सोडा, चरचरीत स्क्रब असले प्रकार मात्र आत्ता करू नयेत. त्याने रंग उजळत तर नाहीच, कातडी मात्र सोलवटते आणि आधीपेक्षा काळी पडते.

कितीतरी मुली कळांच्या मधल्या वेळात ‘सिस्टर, पाय वॅक्स करायचे राहिले हो, सॉरी,’ असे म्हणतात. एवढ्या कळांतही त्यांना ते आठवते याचे मला नेहमी आश्चर्य वाटे, आणि थोडे वाईटही. त्यांना मी सांगत असे की, मी बावीस वेळा तुझ्या पायांशी आले असेन, तू म्हणेपर्यंत मला ते दिसले नाही.

आणखी एक गोष्ट बाया विचारत नाहीत, पण मनात असते, म्हणून न विचारता सांगते. जोर देताना शौचाला होते. सगळ्यांना होतेच असे नाही, पण पुष्कळ जणींना होते, कारण बाळाचे डोके खाली येताना मागच्या आतड्यावर दाब देते. आम्ही ते कापडाने पुसून बाजूला टाकतो आणि पुढे जातो. उलट त्यावरून आम्हाला कळते की बाई योग्य ठिकाणी जोर देते आहे. ज्या मुली या एका भीतीने जोर आवरून धरतात, त्यांची प्रसूती लांबते. तेव्हा ही एक लाज तेवढी माहेरीच ठेवून या.

डॉक्टर पुरुष आहेत याबद्दल. पुरुष डॉक्टर तपासत असताना शेजारी स्त्री परिचारिका असणे हा रुग्णालयांतला नेहमीचा नेम आहे. त्या नसतील तर बोलवायला सांगण्यात काही गैर नाही. पडदा ओढायला सांगा, मांड्यांवर चादर ठेवायला सांगा, आणि तपासण्यापूर्वी ‘सांगून मग हात लावा’ असे म्हणा. सोबतीचाही विचार करून ठेवा. सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी घरातल्या एका अनुभवी स्त्रीला सोबत राहू द्यावे, असे केंद्र सरकारने २०१६ साली कळवलेले आहे, आणि खासगी ठिकाणीही पुष्कळ जण आता परवानगी देतात. ती आधी विचारून घ्यावी. फक्त सोबतीला कोण असावे हे मोकळेपणाने ठरवा. आई जवळ असल्याने धीर येणाऱ्या मुली असतात, तशाच आईसमोर ओरडायचा संकोच वाटणाऱ्याही असतात. मोठी जाऊ, मावशी, थोरली बहीण, जिच्यासमोर तुम्हाला अंग चोरावेसे वाटत नाही ती बाई न्या.

गंमत अशी की, केसांची एवढी काळजी करणाऱ्या मुली ज्या गोष्टी आम्हाला खरोखर अडतात त्या तशाच घेऊन येतात. पहिली बोटांतल्या अंगठ्या. शेवटच्या आठवड्यांत हातांवर सूज चढते आणि अंगठी रुतून बसते. साबण लावून, दोरा गुंडाळून ती काढावी लागते आणि तरीही निघाली नाही तर कापावी लागते. तुमची आज सहज निघत असेल तर आजच काढून कपाटात ठेवा. दुसऱ्या काचेच्या बांगड्या. चुडा भरलेला हात सुंदर दिसतो हे मलाही मान्य आहे, पण सलाईनची सुई मनगटाजवळ किंवा हाताच्या पाठीवर बसते, आणि कळ आल्यावर बाई टेबलाची दांडी आवळते तेव्हा बांगडी फुटून हातात घुसते. सौभाग्याचे म्हणून पूर्ण हात मोकळा ठेवणे सासूबाईंना पसंत नसेल, तर दुसऱ्या हातात एकेक ठेवण्याचा मधला मार्ग आम्ही पुष्कळदा काढलेला आहे; सिझेरियन असेल तर मात्र सगळेच काढावे लागते, कारण रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरतात त्या विजेच्या उपकरणामुळे धातू टेकलेल्या जागी भाजण्याचा धोका असतो. जोडवी आणि नाकातली चमकी यांनाही तेच लागू आहे, आणि फिरकीची चमकी ऐन वेळी निघत नाही, हे लक्षात असू द्या.

नखे कापून घ्या. बाळ हातात आल्यावर त्याचे महत्त्व कळेल. नेलपॉलिश पुसून या, विशेषतः गडद रंगाचे, कारण रक्तातील प्राणवायू मोजणारा तो चिमटा बोटाच्या टोकातून प्रकाश पाठवून काम करतो, आणि नखाचा मूळ रंग पाहून बाईला रक्त कमी आहे का, श्वास नीट चालला आहे का, हे आम्ही डोळ्यांनीही पाहत असतो. ओठांवर लिपस्टिक असली की तोच अंदाज चुकतो. केसांना तेल लावून दोन सैल वेण्या घाला, पिना नकोत; अंबाडा घातला तर उताणे झोपल्यावर मानेला टोचतो.

मेहंदीचे म्हणाल, तर भावाच्या लग्नात जरूर काढा. तळहात, मनगट, अगदी कोपरापर्यंत काढली तरी आमची हरकत नाही. साधी पानांची, घरी भिजवलेली मेहंदी घ्या; झटपट काळी रंगणारी कोनातली घेऊ नका, तिच्यात मिसळलेल्या रसायनाने हाताला फोड येतात. आणि काढणाऱ्या मुलीला एवढेच सांगा की, दोन्ही हातांच्या बोटांची शेवटची पेरे आणि नखे कोरी सोड, तिथे दवाखान्याचा चिमटा बसायचा आहे.